जोते टाकण्याआधी: बांधकाम परवानगीबद्दल कोणाला, काय विचारायचे

खान्देशात घराचे काम आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धरायची रीत आहे. मुहूर्त चांगला, शेत मोकळे, कापसाचे पैसे हाती आलेले, आणि मृग लागायच्या आत निदान जोते वर यावे ही घाई. गवंडी, सेंटरिंगवाला, वाळूचे डंपर सगळे ठरते; परवानगीचा विषय मात्र शेवटी निघतो. तेव्हा कोणीतरी म्हणतो, "नाना, जोतं टाकून घ्या, कागद मागून होतात." कागद कधीकधी मागून होतातही, पण जोते एकदा पडले की ते सरकत नाही. रस्त्यात दोन फूट गेलेला कॉलम, पूररेषेच्या आत घातलेली फूटिंग, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरलेला ओटा या चुका कागदाने भरून निघत नाहीत. म्हणून सल्ला घ्यायची वेळ आखाजी नव्हे, फार तर संक्रांत. कपाशी उपटली, शेत रिकामे झाले की मोजणी सोपी जाते, आणि पुढचे तीन-चार महिने कागद फिरायला मिळतात.

आधी एक फरक मनात पक्का करा. कार्यालयातल्या माणसाने तोंडी सांगितले, "होऊन जाईल," हा अंदाज असतो. झोन दाखला, भाग नकाशा, मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणी नकाशा, हे लेखी अभिप्राय असतात. बांधकाम परवानगी, म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र, ही तिसरीच गोष्ट. अंदाजावर प्लॉटचा विसार देऊ नये आणि अभिप्रायावर खोदकाम सुरू करू नये. निम्मे नुकसान या तीन गोष्टींची सरमिसळ केल्याने होते.

तुमची जागा कोणाच्या ताब्यातल्या नकाशात आहे

पहिला प्रश्न "किती बांधता येईल" हा नाही. परवानगी देणारे प्राधिकरण कोणते, हा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय विकास करता येत नाही, आणि विकास या शब्दात इमारत बांधणे, वाढवणे आणि जमिनीचा वापर बदलणे हे सगळे येते.

जळगाव आणि धुळे शहरांत महापालिकेचा नगररचना विभाग. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, पाचोरा, नंदुरबार, शहादा, शिरपूर, दोंडाईचा अशा गावांत नगरपरिषद. साक्री, शिंदखेड्यासारख्या ठिकाणी नगरपंचायत. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायत, कारण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ इमारतीवरचे नियंत्रण तिच्याकडे देते. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीसाठी महसूल खाते आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे नगररचना शाखा कार्यालय.

गोंधळ होतो तो शहराच्या वेशीवर. धुळ्यालगतच्या वलवाडीसारखी गावे महापालिकेच्या हद्दीत आली. अशा ठिकाणी जुन्या ग्रामपंचायतीच्या ठरावावर आजचे काम चालत नाही. हद्दवाढीनंतर परवानगी महापालिकेचीच लागते. विकणारा जुना ग्रामपंचायतीचा दाखला पुढे करत असेल, तर त्याची तारीख आणि हद्दवाढीची तारीख शेजारी ठेवून पाहा.

सातबारा नीट वाचणे

बहुतेक लोक सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र पाहतात. परवानगीच्या दृष्टीने खरे महत्त्व बाकीच्या रकान्यांना आहे.

भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते पाहा. वर्ग २ असेल तर विक्री आणि वापर बदलावर अटी असतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. इतर हक्कात कूळ, वतन, बँकेचा बोजा, भूसंपादन, पुनर्वसन यांचे शेरे असतात. नंदुरबार जिल्ह्यात, तसेच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या सातपुडा आणि डोंगरपट्ट्यात आणखी एक गोष्ट सर्वांत आधी तपासावी: जमीन आदिवासी खातेदाराची आहे का. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे अशी जमीन सक्षम मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. खरेदीच मुळात टिकणार नसेल, तर वरच्या घराची परवानगी काय टिकणार?

क्षेत्र वाचताना हेक्टर-आर-चौरस मीटर ही मांडणी लक्षात घ्या. ०.०१.५० म्हणजे एक आर पन्नास चौरस मीटर, म्हणजे १५० चौरस मीटर. गुंठा मात्र १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. बोलण्यात आर आणि गुंठा एकच धरतात. दहा गुंठ्यांच्या प्लॉटिंगमध्ये त्याचा फरक बारा चौरस मीटरच्या आसपास पडतो.

गावठाणात सातबारा नसतो. तिथे नमुना ८ चा उतारा दाखवतात, पण तो करआकारणीचा कागद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत; ती असेल तर तिच्यावरचे क्षेत्र आणि चतु:सीमा पाहा. आजोबांच्या वाटणीतल्या धाब्याच्या घरात सामाईक भिंत आणि पुढचे खळे कोणाच्या नावावर आहे, हे मिळकत पत्रिकेवरूनच उमगते. भाऊबंदकीच्या हरकती नेमक्या इथूनच येतात. सगळ्या हिस्सेदारांचे संमतीपत्र अर्जाआधी घ्या. परवानगी मिळाल्यावर ते मागायला गेलात तर त्याचा भाव वाढलेला असतो.

बिनशेतीबद्दल एक सूचना. "आधी एनए, मग नकाशा" हे जुने सूत्र आता सरसकट लागू नाही. जमीन महसूल संहितेत ४२अ ते ४२ड ही कलमे आली आणि विकास योजनेतल्या, तसेच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या ठरावीक जमिनींना वेगळी रीत लागू झाली. त्यातही अलीकडे बदल होत आले आहेत. म्हणून तहसीलमध्ये प्रश्न असा विचारा: "या गटाला आज कोणते कलम लागू होते, आणि रूपांतर कराची रक्कम किती?" उत्तर गट क्रमांकासह लेखी मागा.

तुकडे पाडलेले प्लॉट

शहराबाहेर शेतात चुन्याच्या रेघा मारून, मध्ये मुरमाचा रस्ता टाकून प्लॉट विकतात. खरेदीखत होते, कधी नावही लागते, आणि घर बांधायला गेल्यावर नगररचना विचारते, "मंजूर ले-आउट कुठे?" ले-आउटलाही दोन टप्पे आहेत: तात्पुरती मंजुरी आणि अंतिम मंजुरी. तात्पुरत्या मंजुरीत रस्ते, गटारी, मोकळी जागा कागदावर असते; विकासकाने ती जमिनीवर केल्यावर अंतिम मंजुरी मिळते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती तुमच्या प्लॉटच्या नावाने तर विकलेली नाही ना, हे मंजूर नकाशावर प्लॉट क्रमांक शोधून पाहा. विकणाऱ्याने दिलेल्या रंगीत पत्रकावर हे कळत नाही.

मंजुरीशिवायच्या गुंठेवारी प्लॉटसाठी २००१ चा नियमितीकरणाचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटपर्यंत आणली. मात्र तो आपोआप लागू होत नाही. अर्ज, शुल्क आणि प्राधिकरणाचा आदेश लागतो. आरक्षणातल्या आणि पूररेषेतल्या जागांना त्याचा भरवसा धरू नये.

जमिनीवर न दिसणाऱ्या रेषा

झोन दाखला सांगतो की गट निवासी, शेती, औद्योगिक यांपैकी कोणत्या विभागात आहे. भाग नकाशा दाखवतो की त्यातून विकास योजनेचा रस्ता किंवा शाळा-बगीच्याचे आरक्षण जाते का. दोन्ही मागा. नुसता झोन दाखला "निवासी" म्हणतो आणि प्लॉटच्या अर्ध्यातून १२ मीटरचा रस्ता गेलेला असतो, असे होऊ शकते. या सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे, म्हणून अर्जाची पोच घ्या.

पुराची रेषा खान्देशात हलक्यात घेऊ नये. धुळ्यात पांझरा शहरातून वाहते. गिरणा, बोरी, अनेर, गोमाई, वाघूर आणि तापी यांच्या काठांवर वस्ती पसरते आहे. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमध्ये नवे घर बसत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, त्यातली मुख्य अट म्हणजे जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर. ही पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. "रस्त्यापासून तीन फूट जोते घेतले" हे तिथे उत्तर होत नाही; लेव्हल मशीन लावून बेंचमार्कपासून पातळी आणावी लागते.

सुरत-धुळे-जळगाव-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन मोठे महामार्ग या भागातून जातात, आणि हॉटेल, गॅरेज, गोदाम काढायची ओढ त्यांच्याच कडेला असते. राष्ट्रीय महामार्गाला मोकळ्या भागात इमारत रेषा साधारण मध्यरेषेपासून ४० मीटर आणि नियंत्रण रेषा ७५ मीटर असते. मोजायचे ते मध्यरेषेपासून, डांबराच्या कडेपासून नाही. चौपदरीकरणानंतर मध्यरेषाच सरकलेली असू शकते. म्हणून महामार्ग कार्यालयाकडून आखणीचा नकाशा पाहून घ्यावा.

रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. भुसावळला हा प्रश्न रोजचा. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींजवळ, जळगाव विमानतळाच्या परिसरातही वेगळी बंधने आहेत. दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या शेतांवरून जातात. ११ केव्ही तारेपासून आडवे अंतर किमान १.२ मीटर आणि उभे ३.७ मीटर, ३३ केव्हीला आडवे २ मीटर, उभे ३.७ मीटर, त्यापुढे दर ३३ केव्हीला ०.३ मीटर जास्त. हे अंतर आजच्या गच्चीपासून नव्हे, उद्या घालायच्या दुसऱ्या मजल्यापासून धरा.

किती बांधता येईल

२ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, बहुतांश महाराष्ट्राला लागू आहे, खान्देशातल्या शहरांना आणि गावांनाही. तिच्यात दाट वस्तीबाहेरच्या निवासी प्लॉटला, रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर, मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, १.१० आहे.

३० बाय ४० फुटांचा प्लॉट घ्या. १,२०० चौरस फूट, म्हणजे १११.५ चौरस मीटर. १.१० ने १२२.६ चौरस मीटर, जवळपास १,३२० चौरस फूट. आता मोजणीत पुढची बाजू ३० ऐवजी २८.५ फूट भरली तर क्षेत्र १,१४० वर येते आणि बांधकाम १,२५४ वर. खरेदीखत, मोजणी आणि प्रत्यक्ष जागा यांत जे क्षेत्र सर्वांत कमी असेल तेच धरतात. त्यासाठीच आधी मोजणी, मग घराचा नकाशा; उलट क्रमाने नव्हे.

शिवाय निर्देशांक पुरेसा असूनही घर बसत नाही असे होते, कारण पुढचे, मागचे आणि बाजूचे सामासिक अंतर सोडावे लागते आणि ते रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या प्रकारावर ठरते. राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटर, रुंदी २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर हवी. गल्लीतल्या जुन्या घराच्या जागी नवे बांधताना, गल्ली ४.५ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तिच्या मध्यरेषेपासून २.२५ मीटर सोडावे लागते. ३ मीटरची गल्ली असेल तर तिचा अर्धा भाग १.५ मीटर, म्हणजे आजच्या भिंतीपासून ०.७५ मीटर, अडीच फूट मागे यावे लागेल. जुना ओटा होता तिथेच नवी भिंत, हे गणित इथे फसते.

शेतात घर बांधायचे असेल तर किमान ०.४ हेक्टर जमीन आणि ०.०३७५ निर्देशांक. ४,००० चौरस मीटरला १५० चौरस मीटर बांधकाम. जमीन कितीही मोठी असली तरी वर ४०० ची मर्यादा. शेतघर म्हणून परवानगी घेऊन लॉन किंवा हॉटेल चालवले, तर तो वापर बदल ठरतो.

"लहान घराला परवानगी लागत नाही" याचा खरा अर्थ

या एका वाक्याने खेड्यापाड्यांत सर्वाधिक घोटाळा केला आहे. ग्रामीण भागात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, म्हणजे साधारण १,६०० चौरस फूट, मालकीचे कागद, जागेचा आणि इमारतीचा नकाशा, आणि नकाशा नियमावलीप्रमाणे आहे असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीकडे द्यायचा असतो. वेगळ्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. १५० ते ३०० चौरस मीटरला ग्रामपंचायत विकास शुल्क कळवते आणि ते भरल्यावर १० दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र देते. ३०० च्या पुढे नगररचनेकडे जावे लागते. शहरांतही लहान भूखंडांना कमी जोखमीची सोपी पद्धत आहे.

सूट मंजुरीच्या वाटेतून आहे, नियमांतून नाही. सामासिक अंतर, पूररेषा, रस्ता, झोन सगळे तसेच लागू. चुकीचा दाखला दिला तर अभियंत्याचा परवाना धोक्यात येतो आणि घर अनधिकृत ठरते. ज्यांना काहीच विचारावे लागत नाही ती कामे वेगळी: गिलावा, रंग, फरशी, नळ, गच्चीची गळती अशी, घराच्या आतली किंवा बाहेरचे रूप न बदलणारी. धाबे काढून स्लॅब टाकणे त्यात बसत नाही.

अभियंता निवडताना

नकाशा काढणारा आणि परवानाधारक हे एकच असतात असे नाही. वास्तुविशारद असेल तर नोंदणी क्रमांक, अभियंता असेल तर त्या प्राधिकरणाचा परवाना आणि त्याची मुदत पाहा. पहिल्या भेटीला सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला, भाग नकाशा आणि ले-आउट मंजुरी घेऊन जा. शुल्कात काय काय धरले आहे ते लिहून घ्या: ऑनलाइन दाखल करणे, त्रुटींची उत्तरे, जोते तपासणी, भोगवटा. हे न ठरवल्यास अभियंता परवानगी आणून देतो आणि भोगवट्याला पुन्हा वेगळी रक्कम निघते.

काळ्या मातीबद्दल त्याला मुद्दाम विचारा. तापी-गिरणा खोऱ्यातली खोल काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा देते. उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. प्लॉटच्या दोन टोकांना चाचणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहावे. मुरूम फार खाली असेल तर पायाचा प्रकार बदलतो, खर्चही बदलतो, आणि ते अर्जासोबतच्या स्ट्रक्चरल नकाशात यायला हवे. खड्डा घ्यायला परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पाया खोदायला लागते.

अर्जानंतर

महापालिका आणि नगरपरिषदांत अर्ज बीपीएमएस या इमारत परवानगीच्या प्रणालीतून ऑनलाइन जातो. छाननी शुल्क, विकास शुल्क, अनामत, आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर, ज्यात लहान घरांना सूट आहे, या रकमा अंदाजपत्रकात आधीच धरा. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला पावसाचे पाणी जिरवण्याची सोय नकाशात दाखवावी लागते. त्याहून लहान प्लॉटला सक्ती नसली तरी जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात ती करावीच.

परवानगी दरवर्षी नूतनीकरण करत एकूण चार वर्षांपर्यंत चालते; मुदतीत काम सुरू केले असेल तर पूर्ण होईपर्यंत ती ग्राह्य राहते. म्हणूनच काम सुरू केल्याच्या सूचनेची पोच जपून ठेवावी. जोते झाले की थांबा आणि अभियंत्याकडून जोत्याचे प्रमाणपत्र दाखल करा. चूक स्वस्तात सुधारण्याची ती शेवटची जागा. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. बँका आणि पुढे घर घेणारा तेच मागतात.

विनापरवाना कामाला काम थांबवण्याची आणि पाडण्याची नोटीस येऊ शकते. नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. दंड लहान वाटतो, पाडकाम लहान नसते.

अर्जावर ६० दिवसांत निर्णय आला नाही तर मानीव परवानगीची, म्हणजे परवानगी मिळाली असे धरण्याची, तरतूद त्याच कायद्यात आहे, पण ती नकाशा नियमात बसत असेल तरच. त्रुटीचे पत्र आले असेल आणि तुम्ही उत्तर दिले नसेल, तर तिचा आधार घेऊ नका. नामंजुरी कारणांसह लेखी मिळायला हवी, आणि ती मिळाल्यापासून ४० दिवसांत त्याच कायद्याच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते. लहान घरांना बहुतेक वेळा अपिलाची गरज पडत नाही: नामंजुरीतली कारणे एकेक करून अभियंत्याबरोबर वाचावीत, भिंत मागे घेऊन किंवा जिना फिरवून नकाशा बसतो का ते पाहावे, आणि तो पुन्हा दाखल करावा. त्यात जाणारे दिवस ४० दिवसांच्या मुदतीतून वजा होत राहतात, म्हणून अपिलाची शेवटची तारीख नामंजुरीच्या पत्रावरच पेनाने लिहून ठेवा.